‘फिफ्थ एडिशनच्या लढाईला तोड नाही’ म्हणणाऱ्यांना

इतवारीचा ऑर्क
कालची पोस्ट वाचली: ‘डी अँड डी फिफ्थसारखी लढाई कुठंच नाही, पाथफाइंडर म्हणजे सीएची परीक्षा.’ (दोन्ही टेबलावर फासे टाकून खेळायचे भूमिका-खेळ; फिफ्थ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती.) काहून बे? फिफ्थमध्ये लढवय्या शत्रूला खेटला की तिथंच खांब होऊन उभा राहते. दूर सरकला की अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे शत्रूचा जादा वार. पाथफाइंडर सेकंडमध्ये तशी रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतला पलटवार) मोजक्यांकडेच, म्हणून लोक हलतात.
आता पाथफाइंडरचा हिशेब. डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ८ ला वार लागते धरा. दहानं जास्त आलं की क्रिट, म्हणजे १८ पासून दुप्पट मार. साधा लागलेला वार १ धरला तर पहिला वार सरासरी ०.८ चा. दुसऱ्याला उणे ५, तो ०.४५. तिसऱ्याला उणे १०, तो ०.२. मग तिसरा वार कोण करते? त्या ॲक्शनमध्ये (पाळीतल्या एका कृतीत) पलीकडं जाऊन फ्लँक करा, म्हणजे साथीदारासोबत शत्रूला दोन्हीकडून घेरा. शत्रूचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) २ नं पडते आणि साथीदाराचा ०.८ चा वार सरळ १ चा होते. पाव हिस्सा जास्त, फुकटात.

गल्ली डीएम
फुकटात? फ्राइटन्ड १, सिकन्ड १, क्लम्झी २, असे घाबरल्याचे, मळमळल्याचे, धांदरटपणाचे दंड. एकाच प्रकारचे दंड एकमेकांत मिळवायचे नाहीत, वेगळ्या प्रकारचे मिळवायचे. हे आठवेपर्यंत समोरचा पोहे खाऊन येतो. फिफ्थमध्ये ॲडव्हांटेज (वरचढपणा) मिळाला की दोन डी२० टाका, मोठा घ्या. वार लागायची शक्यता ६५ टक्क्यांची ८८ होते, वजाबाकी करावी लागत नाही.

इतवारीचा ऑर्क
आणि फिफ्थचा हीलिंग वर्ड, तो जखम भरणारा मंत्र? माणूस शून्य हिट पॉइंटवर पडला, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) चार पॉइंट दिले, उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. पाथफाइंडरमध्ये उठला की वुंडेड (जखमी) १. पुढच्या वेळी पडला तर डाइंग (मरणाच्या पायरी) २ पासून सुरुवात, ४ ला खेळ खलास. भीती पाहिजे ना राजेहो.

गल्ली डीएम
फिफ्थमध्ये शून्यावरून उठला की एक एक्झॉशन (थकव्याची पातळी) द्यायचं. २०२४ च्या नियमांत दर पातळीला डी२० वर उणे २ आणि वेग ५ फूट कमी. घरचा एक ओळीचा नियम. झाली भीती.

तीन पानांचा जीएम
दोघंही ‘वार लागला का’ यातच अडकला आहात. केर्न हा छोट्या नियमांचा खेळ बघा: वार लागतोच. शस्त्राचा फासा टाका, चिलखत वजा करा. एकावर तिघं तुटून पडले तर तिन्ही फासे टाकून सर्वांत मोठा घ्या. हिट प्रोटेक्शन संपलं की उरलेला मार स्ट्रेंग्थवर (ताकदीच्या आकड्यावर), मग उरलेल्या स्ट्रेंग्थवर सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा. चुकला की माणूस आडवा.

इतवारीचा ऑर्क
डी६ च्या (सहा बाजूंच्या फाशाच्या) तलवारीसमोर चिलखत ३ ठेव. १, २, ३ आले तर शून्य. म्हणजे निम्मे वार वायाच. ‘मिस’ शब्द तेवढा खोडला तुम्ही. वर कारकून आणि सरदार एकसारखेच मारतात.

तीन पानांचा जीएम
३ हे कमाल चिलखत आहे. ते सगळ्यांच्या अंगावर नसतं, आणि घालणाऱ्याच्या पाठीवर दुसरं काय मावतं तेही बघा. पण हो, सरदाराची तक्रार खरी आहे. घ्या, आनंद साजरा करा.

गल्ली डीएम
फ्लँकिंगचं खरं दुखणं कोणी बोलतच नाही. मे महिन्यात नागपुरात कूलर सुरू की चौकटींच्या पटावरचे कागदी गोब्लिन (राक्षस) उडून टेबलाखाली. कोण कोणाच्या मागं होता यावर अर्धा तास भांडण. म्हणून पटाशिवाय, मनातल्या मनातली लढाई बरी.

इतवारीचा ऑर्क
इतवारीतल्या लोहा ओळीत एम१२ बोल्टचे वायसर घे. बाहेरचा व्यास २४ मिमी, एक इंचाच्या चौकटीत बरोबर बसते. चित्राच्या खाली दोन्हीकडं १ सेंमी पट्टी सोडून घडी घाल, पट्ट्या वायसरवर चिकटव. हलत नाही.

तीन पानांचा जीएम
आणि पटाचा चार्ट पेपर? कूलरच्या ओलीनं तोच आधी फुगतो. चौकटी आखून वर मीटरवर मिळणारं पारदर्शक प्लास्टिक टाका, कडा खाली दुमडून टेप लावा. व्हाइटबोर्ड मार्कर खेळ संपताच पुसा. उन्हाळ्यात रात्रभर राहिला की बसतो.

गल्ली डीएम
बसलेला डाग निघतो की. व्हाइटबोर्ड मार्करनंच वरून गिरवायचं आणि ओला असतानाच पुसायचं. चुकून परमनंट मार्कर लागला तरी हीच युक्ती. ऑइलपेंटचं थिनर लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

इतवारीचा ऑर्क
पाहा, हा म्हणे मनातल्या मनात लढते! घरी मॅट घेऊन बसला आहे.

गल्ली डीएम
मॅट आहे, फ्लँकिंग नाही. आता सांग, पाथफाइंडरमध्ये चौकटीतून तिरपं चाललं तर किती फूट?

इतवारीचा ऑर्क
पहिला तिरपा ५ फूट, दुसरा १०, तिसरा पुन्हा ५.

गल्ली डीएम
फिफ्थमध्ये सगळे ५. सीएची परीक्षा म्हणतात ती हीच.