पोर्तुगालच्या सहलीविषयी सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ब-301 : नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे आणि सासूबाई असे तिघे दहा दिवसांसाठी पोर्तुगालला जाण्याचे ठरवीत आहोत. सहलीच्या पत्रकात स्थळांची भली मोठी यादी आहे, पण तिथे प्रत्यक्ष वावरताना काय ध्यानात ठेवावे याविषयी एक ओळही नाही. अ-702 मधील काका गेल्या वर्षी जाऊन आले, असे समजले. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, हे आधीच सांगून ठेवते.

अ-702 : ताई, आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे तुमचा एक दिवस वाचेल. एका संग्रहालयाच्या पाटीवर बंद असण्याचा वार म्हणून फक्त 2 हा आकडा आणि पुढे 'फैरा' हा शब्द होता. आठवड्याचा दुसरा दिवस म्हणजे मंगळवार, असा हिशेब करून आम्ही सोमवारी ऐटीत गेलो आणि कुलूप पाहून परतलो. पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार या वारांना ग्रहांची नावे नाहीत, आकडे आहेत. रविवार पहिला धरून सोमवारला 'सेगुंदा-फैरा' म्हणजे दुसरा, मंगळवारला 'तेर्सा-फैरा' म्हणजे तिसरा, असे शुक्रवारपर्यंत मोजतात. शनिवार आणि रविवार यांना तेवढी स्वतंत्र नावे आहेत. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही रविवारच पहिला असतो, हे मला त्या बंद दारापुढे आठवले. लिस्बनमधील बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस बाहेर फिरण्यासाठी ठेवा.

ब-301 : काका, भाषेची अडचण फार येते का? आम्हांला इंग्रजीपलीकडे काही येत नाही.

अ-702 : शहरांत इंग्रजीवर निभावते. शिवाय बाजारात गेलात की निम्मे सामान ओळखीचे वाटेल. भाजीच्या दुकानात बटाट्याच्या ढिगावर 'बटाटा' असेच लिहिलेले असते, अननसाला 'अनानाश' म्हणतात, कोबीच्या कुळातील भाज्यांना 'कोव्ह' म्हणतात, आणि पाव तर त्यांचाच. बिल मागताना 'पगार' हा शब्द कानी पडला तर दचकू नका, त्याचा तिथे अर्थ 'पैसे देणे' एवढाच आहे. आपली चावी, बादली, घमेले, फीत, लिलाव, मेस्त्री हे सारे शब्द त्याच वाटेने आपल्याकडे आले आहेत. दुपारी खाणावळीबाहेर फळ्यावर 'प्रातु दु दिया' असे लिहिलेले दिसेल. तो त्या दिवसाचा ठरलेला पदार्थ असतो आणि बहुधा स्वस्त पडतो. त्यातला 'प्रातु' म्हणजे ताट, आणि आपली परात त्याच शब्दावरून आली.

क-105 : काकांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. हे शब्द डोळ्यांना ओळखू येतात, कानांना येत नाहीत. पोर्तुगालमधील लोक स्वर गिळून बोलतात आणि 'च' वाटावा तिथे 'श' म्हणतात, त्यामुळे आपली चावी तिथे 'शाव्ह' अशी ऐकू येते. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' आणि स्त्रीने 'ओब्रिगादा' म्हणावे. समोरची व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, याचा तिथे संबंध नसतो.

ब-301 : धन्यवाद, दादा. सासूबाईंच्या जेवणाचे कसे करावे?

अ-702 : हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. टेबलाशी बसता क्षणी तुम्ही न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज असे पुढ्यात आणून ठेवतात. ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात लागते. मात्र जे मागवले नाही आणि ज्याला हातही लावला नाही त्याचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे, त्यामुळे नको असेल तर संकोच न करता परत पाठवावे. 'काल्दु व्हेर्द' हे हिरव्या पानांचे आणि बटाट्याचे सूप दिसायला अगदी सात्त्विक असते, पण त्याच्या तळाशी डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती दडलेली असते. नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण मग मासा येतो. तिथे 'बाकल्याउ' म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा राष्ट्रीय अन्नासारखा आहे. गंमत अशी की तो मासा त्यांच्या समुद्रात मिळत नाही, प्रामुख्याने नॉर्वेसारख्या उत्तरेकडील देशांतून येतो. म्हणून 'सें कार्न, सें पैश', म्हणजे मांस नको आणि मासाही नको, हे दोन्ही शब्द एका कागदावर लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा.

गोड पदार्थांतही जपावे लागते. 'पाश्तेल द नाता' या प्रसिद्ध टार्टमध्ये अंड्याचा पिवळा बलक असतो. पूर्वी मठांमध्ये कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरीत आणि उरलेल्या बलकांची मिठाई करीत, असे सांगतात. 1834 मध्ये धार्मिक मठ बंद करण्यात आले आणि 1837 पासून लिस्बनच्या बेलें भागातील एका दुकानात हे टार्ट विकले जाऊ लागले. ते दुकान आजही चालू आहे आणि रांगही तितकीच लांब असते. अंडे चालत असेल तर वर दालचिनीची पूड भुरभुरवून गरम असतानाच खावे. 'आबाद द प्रिश्कुश' नावाच्या पुडिंगमध्ये मात्र डुकराची चरबी घालतात, त्यापासून दूर राहा.

ड-203 : क्षमस्व, पण बेलेंचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. आपण वसईत राहतो. येथील किल्ला 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी कशा परिस्थितीत घेतला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. असे असताना त्या कबरीपुढे उभे राहण्यासाठी आपण एवढा खर्च का करावा?

अ-702 : प्रश्न रास्त आहे आणि मीही तिथे हात जोडायला गेलो नव्हतो. गामाचा मृत्यू 1524 मध्ये कोचीत झाला, आधी तिथेच त्याला पुरले होते आणि पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला त्याची कबर आहे आणि उजव्या हाताला कवी कामोइंशची, ज्याने 1572 मध्ये गामाच्या प्रवासावर महाकाव्य प्रसिद्ध केले. इमारतीच्या दगडात दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती कोरलेल्या आहेत आणि तिच्या बांधकामाचा मोठा खर्च पूर्वेकडच्या व्यापारावरील करातून झाला. मिरी आणि मसाल्यांचा पैसा तिथे कोणत्या रूपात उभा राहिला, हे वसईच्या माणसाने तरी एकदा पाहावे, असे माझे मत आहे. शिवाय ज्या मुंबईत आपण रोज लोकलने जातो, ती 1661 च्या विवाह-तहात राजकन्या काथरीनाच्या हुंड्यात इंग्रजांना देणारे हेच लोक होते.

आणखी एक गोष्ट. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य केले 1974 मध्ये, तेही तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. 25 एप्रिल 1974 रोजी सैनिक रस्त्यावर आले आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली. लिस्बनच्या मोठ्या लाल पुलावर पूर्वी हुकूमशहा सालाझार याचे नाव होते. आता तो '25 एप्रिल पूल' म्हणून ओळखला जातो. त्याच देशात ज्यांचे वडील मूळचे गोव्याच्या घराण्यातील, ते आंतोनियु कोश्ता 2015 ते 2024 या काळात पंतप्रधान होते.

ड-203 : उत्तर पटले. पाहायला हरकत नाही, असे म्हणतो.

ब-301 : काका, गुडघ्यांचे काय? लिस्बन सात टेकड्यांवर आहे, असे वाचले.

अ-702 : त्यावर उपाय आहे. हॉटेल 'बायशा' या भागात घ्या. 1 नोव्हेंबर 1755 रोजी सकाळी भूकंप, त्यामागून समुद्राच्या लाटा आणि मग आग, अशा तिहेरी आपत्तीत जुने शहर गेले. तेव्हाचा मुख्य मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसने हा सखल भाग पुन्हा आखून घेतला, म्हणून तिथले रस्ते सरळ आणि सपाट आहेत, आणि इमारतींच्या भिंतींत भूकंपात तग धरण्यासाठी लाकडी चौकटींचे पिंजरे आहेत. वर कार्मु मठाचे छप्पर उडालेले चर्च तसेच ठेवले आहे, ते अवश्य पाहा. पदपथांवर मात्र लहान दगडांची काळी-पांढरी नक्षी असते, ती झिजून गुळगुळीत झालेली असते आणि पावसाची एक सर आली की शेवाळलेल्या पायरीसारखी निसटते. सासूबाईंना चामडी तळव्याच्या चपला मुळीच नकोत. 28 क्रमांकाच्या ट्राममध्ये बसायचे असेल तर सकाळी लवकर जा आणि पाकीट पुढे धरा. गर्दीत खिसेकापूही असतात.

उत्तरेकडील पोर्तु शहराला दोन दिवस पुरेत. तिथल्या सां बेंतु स्थानकातील निळ्या फरशांची चित्रे गाडीतून उतरताच पाहता येतील. दक्षिणेला एव्होरा शहराकडे गेलात तर ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचे करतात ती झाडे पाहा. दर नऊ वर्षांनी त्यांची साल सोलतात आणि खोडावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. 5 असेल तर 2025 मध्ये सोललेले, असे समजावे.

ब-301 : मनापासून आभार. एकच राहिले. लिस्बनला माझी मावसबहीण राहते. मे महिना असल्यामुळे तिच्यासाठी हापूसची पेटी न्यावी, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे.

क-105 : ताई, ते जमणार नाही. युरोपीय संघात ताजी फळे सामानातून नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप हेही बाजूला ठेवा.

अ-702 : बेलेंच्या राजवाड्यासमोर गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्क याचा उंच पुतळा आहे. आपल्या हापूसला त्याचेच नाव मिळाले, असे मानतात, आणि त्याच्याच देशात हापूसला मज्जाव आहे. प्रमाणपत्रातून सूट मिळालेली फळे पाचच आहेत : अननस, केळे, खजूर, डुरियन आणि नारळ.

ब-301 : सासूबाई म्हणतात, मग नारळच नेऊ.