आईचं घर विकून भिवंडीत गोदामाचा गाळा घ्यावा की रीटमध्ये पैसे ठेवावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचा (वय ७१) डोंबिवलीचा वन बीएचके विकायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय. बाबांनी १९९४ साली घेतलेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई आता माझ्याकडे ठाण्यात असते. हाती साधारण ५५ लाख येतील. तिला पेन्शन नाही, त्यामुळे या पैशातून तिला दरमहा स्वतःच्या हक्काची रक्कम मिळावी, एवढंच हवंय. औषधांसाठी तिला आमच्यापुढे हात पसरावा लागू नये.

दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा विचार केला होता. पण आमच्याकडे वर्षाचं भाडं किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांवर जात नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, पुढचा काळ गोदामांचा आणि डेटा सेंटरचा आहे. त्याचं म्हणणं मला पटतं. जीएसटी आल्यापासून कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज उरली नाही, मोठ्या गोदामांची मागणी वाढली, आणि भिवंडीत ते डोळ्यांनी दिसतं. पण मागणी आहे म्हणून आपण घेतो तो गाळाही चालेल, असं थोडंच आहे?

एजंटने दाखवलेला गाळा ४५ लाखांचा आहे. तीन वर्षं ९ टक्के 'खात्रीचं भाडं', म्हणजे महिन्याला तेहतीस-चौतीस हजार. भाडेकरू कोण, असं विचारलं तर म्हणाला, येईल. मग तोवर भाडं बिल्डरच देणार, आणि ते आपल्याच किमतीत आधी धरलेलं असणार, असा माझा अंदाज आहे. कागद म्हणून ग्रामपंचायतीचा दाखला दाखवला. भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. मग त्यांची बांधकाम परवानगी, बिगरशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र नको का? तिकडच्या अनधिकृत गोदामांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

दुसरा पर्याय रीटचा, म्हणजे अनेकांच्या पैशातून भाड्याच्या मोठ्या इमारती घेऊन त्यांचं उत्पन्न वाटणाऱ्या ट्रस्टचा. शेअर बाजारात एम्बसी (२०१९ पासून), माइंडस्पेस, ब्रुकफील्ड ही मुख्यतः ऑफिसांची आहेत, नेक्सस मॉलचं. माइंडस्पेसच्या ऐरोलीच्या जागेत डेटा सेंटरही आहे. वाटपायोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के वाटावीच लागते आणि एक युनिटही (शेअरसारखा हिस्सा) घेता येतं, हे मला फार आवडलं. मात्र वाटप सहसा तिमाही असतं आणि युनिटचा भाव खालीवर होतो. आई रोज भाव बघून झोप घालवेल, ही भीती आहे.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या रीटनाही (एसएम रीट) परवानगी दिली. मालमत्ता ५० ते ५०० कोटींची, आपली किमान गुंतवणूक १० लाख. पण एखाद्या योजनेमागे एकच इमारत असली आणि मोठा भाडेकरू सोडून गेला, तर काय?

कराचंही आहे. गाळा घ्या किंवा रीट, घर विकून घर घेतल्यावर मिळणारी करसवलत मिळणार नाही, असं सीए म्हणाले. खरेदी जुनी असल्याने नफ्यावर इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरून) २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के, यांतलं निवडता येईल. सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक बाँड घेऊनही कर वाचतो, पण मग ते पैसे पाच वर्षं अडकतात.

ज्यांनी भिवंडी, पडघा किंवा चाकण भागात गाळा घेतलाय, त्यांना खात्रीचं भाडं संपल्यावर काय मिळालं? गाळा किती काळ रिकामा राहिला? कोणी आईवडिलांसाठी रीट घेतलंय का? पडत्या भावात ते टिकून राहिले का? एसएम रीटची युनिटं हवी तेव्हा विकली जातात का? आणि रीट घेतलं तर ५५ लाखांतले किती त्यात घालावेत? माझ्या मते एक तृतीयांशाच्या वर नको, बाकी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि एफडी. भावाला हे फारच भित्रं वाटतं.

एजंट टोकनची घाई करतोय. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, असं भावाला सांगितलंय. भिवंडीच्या जमिनींची कामं करणारे वकील कोणाच्या ओळखीत असतील तर कृपया खासगी निरोप पाठवा.