प्रतिसाद: प्रमाणपत्राच्या पलीकडे
वर एकांनी लिहिलंय की भिंतीवर सरकारच्या 'कायाकल्प' योजनेचं प्रमाणपत्र असेल तर ते प्राथमिक आरोग्य केंद्र चांगलंच समजावं. मला हे पटत नाही. 2015 पासूनच्या या योजनेत भर स्वच्छता आणि जंतुसंसर्ग रोखण्यावर आहे, आणि तो हवाच. पण आपल्या कोकणात भातलावणीच्या दिवसांत रात्री फुरसं (विषारी साप) चावलेला माणूस आणला, तर प्रश्न वेगळेच असतात. विष भिनल्याची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या प्रतिविष लागतं. तेवढा साठा आहे का? द्यायला रात्री डॉक्टर आहेत का? प्रतिविषाचीच रिअ‍ॅक्शन आली तर ॲड्रेनालिन हाताशी आहे का? तपासणी करायची तर इथून करा.

दुसरं लसींचं. वादळात दोन-दोन दिवस वीज नसते आणि लसी 2 ते 8 अंशांतच राहायला हव्यात. पोलिओच्या कुपीवर एक गोल आणि त्यात उष्णतेने गडद होत जाणारा छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर टाकून द्यायची. बाळाला डोस देण्याआधी सिस्टरना ते दाखवायला सांगा, बिनधास्त. चांगल्या सिस्टर स्वतःहून दाखवतात.

आणि हो, केंद्राचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत पंचायतीचे लोकही असतात. ग्रामसभेत त्यांना प्रतिविषाच्या साठ्याचं रजिस्टर विचारा, तेही मे संपायच्या आत.