घरी नर्स, मावशी, बेड : पैसे कुठून निघतात? (सोसायटी ग्रुप, नेरुळ)

सी-६०३ : नमस्कार मंडळी. पेशंटचं वय ७४, पक्षाघात, गुरुवारी डिस्चार्ज. नाकातून नळी आहे, चोवीस तास माणूस लागेल. मेडिक्लेम ५ लाखांचा, त्यातले दीड लाख उरलेत. मावशीचे (घरी पेशंटला सांभाळणाऱ्या बाईचे) पैसे त्यातून निघतील का?

ए-११०२ : मावशीचे नाही. नर्सचे काही दिवसांचे निघू शकतात, तेही कागद नीट असतील तर. विमा कंपनी उपचाराचे पैसे देते, सांभाळण्याचे नाही. पॉलिसीतल्या अपवादांत ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’ असा मथळा शोधा, कोड ०५. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून बसवणं यासाठी घरी ठेवलेला माणूस त्यात सरळ वगळलाय. तो माणूस शिकलेली नर्स असली तरीसुद्धा.

सी-६०३ : मग नर्सचे तरी कसे मिळणार?

ए-११०२ : डिस्चार्जनंतरच्या खर्चातून, म्हणजे पोस्ट-हॉस्पिटलायझेशन. बऱ्याच पॉलिसींत ६० दिवस असतात, काहींत ९० किंवा १८०. काही पॉलिसींत ‘होम नर्सिंग अलाउन्स’ म्हणून रोजचा ठरावीक भत्ता वेगळा असतो. आधी आपलं पुस्तक उघडून बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि हे पैसे त्याच ५ लाखांतून वजा होतात, म्हणजे तुमची खरी मर्यादा दीड लाख.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर ‘अटेंडंट ॲट होम’ एवढंच लिहिलं, तर क्लेम तिथेच संपला. काम, तास आणि दिवस लिहून घ्या. उदाहरणार्थ : ‘स्टाफ नर्स, रोज १२ तास, १५ दिवस, राइल्स ट्यूब फीडिंग, सक्शन, बेडसोर ड्रेसिंग’ (नाकातल्या नळीने अन्न, घशातला कफ ओढून काढणं, पडून झालेल्या जखमांची मलमपट्टी). खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर. अर्थात जे काम खरोखर लागणार आहे तेवढंच. हे गुरुवारच्या आत करा. आठवड्याने गेलात तर हॉस्पिटल म्हणतं, फाइल बंद झाली.

बी-३०४ : यात भर घालते. नर्सचा रोजचा चार्ट ठेवा, साध्या दोनशे पानी वहीत चालतो. ‘सकाळी ६, फीड २०० मिली. ६.३०, बीपी १४०/८०. ८, लघवी ३५० मिली. पाठीवर डावीकडे लाली, कूस बदलली.’ प्रत्येक शिफ्टच्या शेवटी सही. टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) चार्ट मागतो, आणि महिनाभराचा चार्ट एका दिवशी एकाच पेनने लिहिलेला असला की तो लगेच ओळखू येतो. बिलावर नर्सचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर हवा. ब्युरोने (नर्स-मावश्या पुरवणाऱ्या एजन्सीने) एका ओळीत ‘नर्सिंग चार्जेस, एक महिना’ असं बिल दिलं तर परत करा. तारीखवार, शिफ्टवार करून घ्या. फिजिओचंही तसंच, प्रत्येक सेशनची तारीख. पैसे बँकेतून द्या.

डी-२०१ : बेड, एअर मॅट्रेस, डायपर?

बी-३०४ : डायपर, वॉकर, कमोड, नेब्युलायझर किट, घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर हे सगळं न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहे. कन्झ्युमेबल्सचा (वापरून टाकायच्या वस्तूंचा) रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर, घेतला असेल तर त्यातलं काही सुटतं. बेड भाड्यानेच घ्या. पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, पेशंट पंधरा दिवसांत उठून बसला तर घरात तेवढं लोखंड राहतं.

ए-११०२ : अजून एक गोंधळ नेहमीचा : ‘डोमिसिलिअरी’ म्हणजे घरची काळजी नव्हे. पेशंटला हलवणंच शक्य नाही किंवा हॉस्पिटलात खाट नाही, म्हणून हॉस्पिटलातला उपचार घरी केला तर तो डोमिसिलिअरी. तुमचा पेशंट हॉस्पिटलातून घरी येतोय, तिथे तो लागू नाही.

डी-२०१ : सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं तर? ५ लाख आहेत ना.

ए-११०२ : काढून ठेवाच, खासगी मेडिक्लेम असला तरी मिळतं आणि उत्पन्नाची अट नाही. पण ते योजनेतल्या हॉस्पिटलात भरती झाल्यावरच चालतं आणि डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतच. घरच्या माणसाचा पगार त्यात नाही. फायदा असा की पुढची भरती त्यावर झाली तर स्वतःची बचत मावशीसाठी राहते.

बी-३०४ : आता मावशीचा हिशेब. दर ब्युरोनुसार बदलतो, नुसतं गणित दाखवते. १२ तासांचे ८०० धरले तर दोन शिफ्टचे १,६००, महिन्याचे ४८,०००. राहणारी एकच मावशी दिवसाला १,००० धरली तर ३०,००० अधिक जेवण. पण पेशंट रात्री तीनदा उठत असेल तर एकटी मावशी आठवड्यात पळते. मग ब्युरोचा बदली माणूस, पुन्हा नव्याने शिकवणं. अशा ठिकाणी रात्रीची वेगळी शिफ्टच परवडते. ब्युरोकडून लेखी घ्या : बदली किती तासांत, रजिस्ट्रेशन फी परत मिळते का, आणि गणपतीत कोण येणार. त्या दहा दिवसांत अर्ध्या मावश्या कोकणात असतात. उचल मावशीच्या हातात देऊ नका, ब्युरोमार्फत द्या.

ए-५०१ : हे ३०-४८ हजार दरमहा कुठून आणायचे, त्यावर लिहितो. पेशंटच्या नावावर एफडी पडून असतील आणि निवृत्तीचे पैसे बँकेत असतील तर सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम बघा. कमाल ३० लाख. ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,०००, तिमाहीला ६१,५००. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत येतं, मावशीला मात्र दरमहा द्यावं लागतं. म्हणून पहिल्या तिमाहीचे पैसे बाजूला काढून ठेवा. पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये एकट्याचे ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. अचानक लागले तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागतील तेवढेच उचलायचे) घ्या. बँका साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात, तेही वापरलेल्या रकमेवरच.

डी-२०१ : आणि टॅक्समध्ये?

ए-५०१ : फक्त जुन्या कररचनेत. आयकराचं कलम ८०डीडी : अवलंबून असलेल्या आईवडिलांना ४० टक्क्यांवर अपंगत्व असेल तर ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांवर १,२५,०००, खर्च कितीही असो. प्रमाणपत्र लागतं. पक्षाघातात लगेच गेलात तर मेडिकल बोर्ड परत पाठवतं, आजार स्थिरावू द्यावा लागतो. ८०डीडीबीच्या, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाच्या वजावटीच्या, यादीत पक्षाघात नाही, पण वाचा गेली असेल, म्हणजे अफेजिया, आणि अपंगत्व ४० टक्के असेल तर आहे. पार्किन्सन आणि डिमेन्शियाही त्याच अटीवर आहेत. ज्येष्ठांसाठी मर्यादा १ लाख, विम्याने दिलेली रक्कम वजा. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, सीएला जुना आकडा सांगितला तरी कळतो.

सी-६०३ : घर गहाण ठेवून दरमहा पैसे मिळतात म्हणे?

ए-५०१ : रिव्हर्स मॉर्गेज. वय ६० पूर्ण, घर स्वतःचं आणि स्वतः राहतं. हयात असेतो हप्ता भरायचा नाही, व्याज मात्र चढत राहतं. नंतर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकते. आलेली रक्कम करमुक्त. पण आपल्याकडे अडतं ते असं : जमीन सिडकोची, लीजची (भाडेपट्ट्याची) असेल तर सिडकोची एनओसी लागते. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते, साधारण २० वर्षं. आणि रिडेव्हलपमेंटचा ठराव झालेल्या इमारतीला बहुतेक बँका हात लावत नाहीत. एनओसीतच महिने जातात, त्यामुळे या गुरुवारसाठी तो उपाय नाही.

डी-२०१ : भावंडं पैसे देत नसतील तर आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) पेशंटच्या नावाने अर्ज करता येतो. महिना १०,००० पर्यंत निर्वाह.

सेक्रेटरी : डी-२०१, बरोबर आहे, पण ग्रुपवर कुणाच्या घरची भांडणं नकोत 🙏 भावंडांनी एक जॉइंट खातं काढून १ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दरमहा पैसे आपोआप वळते करण्याची बँकेला सूचना) लावली की निम्मं काम होतं.

सी-६०३ : खूप आभार. उद्या सकाळी राउंडला डॉक्टर येतात, तेव्हाच पत्र घेतो.

सेक्रेटरी : बेड बुधवारी आला तर बरं. सर्व्हिस लिफ्टमध्ये अख्खा बसत नाही, दुकानदाराला डोक्याकडची आणि पायाकडची फ्रेम सुटी आणायला सांगा. मावशीचा फोटो आणि आधारची झेरॉक्स गेटवर आधी द्या, नाहीतर रात्री ८ ची शिफ्ट वॉचमन अडवून ठेवेल. सोसायटीची व्हीलचेअर जिन्याखाली आहे, डाव्या चाकात हवा भरून घ्यावी लागेल.