लामोस्टच्या स्पेक्ट्रमवर मॉडेल खुज्या ताऱ्यांना राक्षसी का म्हणतंय?

तारकावेडी: मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ताऱ्याच्या स्पेक्ट्रमवरून (प्रकाशपटावरून) त्याचे गुणधर्म ओळखायला शिकणाऱ्या 'द कॅनन' पद्धतीचं मॉडेल बसवलंय. अपोजी या सर्वेक्षणातल्या लाल राक्षसी (फुगून प्रचंड मोठ्या झालेल्या) ताऱ्यांची तापमानं, पृष्ठभागावरचं गुरुत्व आणि धातुता (जड मूलद्रव्यांचं प्रमाण) घेऊन लामोस्ट या चिनी दुर्बिणीच्या स्पेक्ट्रमवर शिकवलं. आता ते के वर्गाच्या (सूर्याहून थोड्या थंड) खुज्या, म्हणजे लहान ताऱ्यांनाही राक्षसी ठरवतंय, तेही अगदी ठामपणे. तीन रात्री कोड तपासतेय. चूक कुठे असेल?

जुना निरीक्षक: कोडमध्ये नाही, शिकवणीत आहे. ज्याने खुजा तारा पाहिलाच नाही, तो ओळखणार कसा? एक स्पेक्ट्रम उघडून ५१६७ ते ५१८४ आंग्स्ट्रॉम तरंगलांबीमधल्या मॅग्नेशियमच्या तीन रेषा डोळ्यांनी बघ. के खुज्यांमध्ये त्या खोल आणि पसरट असतात. अॅनी जंप कॅनन या खगोलशास्त्रज्ञांनी लाखो तारे असेच नजरेने वर्गांत लावले होते. त्यांच्याच नावाची पद्धत वापरताना निदान पन्नास तरी बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

पुणेकर७: गाइया या अवकाश दुर्बिणीचा पॅरलॅक्सही (त्यावरून ताऱ्याचं अंतर कळतं) जोड. तारा जवळ असून अंधुक असेल तर तो राक्षसी नाहीच. आणि ५५७७ आंग्स्ट्रॉमची रेषा झाकलीस, म्हणजे मॉडेलसाठी वगळलीस ना? ती आपल्या आकाशातल्या ऑक्सिजनची, ताऱ्याची नव्हे.

तारकावेडी: झाकली नव्हती! मॅग्नेशियमच्या रेषा पाहिल्या, दरीसारख्या रुंद आहेत. आता खुजे तारे घालून पुन्हा शिकवते.