खाणमालक भाऊसाहेब बांदोडकर गरिबांचे नेते कसे झाले?

डिचोलीचा_नातू:
नमस्कार मंडळी. आमच्या आजीच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक फोटो भाऊसाहेब बांदोडकरांचा आहे. दिवाळीला त्यालाही हार घालते. मी पुण्यात शिकतो. इथे मित्रांना सांगितलं की गोव्याचे पहिले मुख्यमंत्री लोहखनिजाचे व्यापारी होते, तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग पैशावर निवडून आले असतील." मला उत्तर देता आलं नाही. शिवाय १९६७ च्या जनमत कौलात भाऊंना हवं असलेलं गोव्याचं महाराष्ट्रातलं विलीनीकरण हरलं आणि दोन-अडीच महिन्यांत तेच भाऊ पुन्हा निवडून आले, हेही कोडंच वाटतं. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी सांगावं.

माडाखालची_बाई:
बाळा, मी पेडण्याची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तुझ्या आजीहून थोडी लहान असेन. भाऊंचा जन्मही पेडण्याचाच, १९११ चा.

पैसा होता, खूप होता. पण तो आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी पहिल्यांदा आला असं नाही. पोर्तुगीज असतानाच भाऊंकडे मदत मागायला लोक जायचे. देऊळ, नाटक, लग्न, कुणाचं आजारपण, रिकाम्या हाताने माणूस परत आला नाही असं माझे वडील सांगायचे. आणि ते गोमंतक मराठा समाजातले. देवळाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला, पण मान न मिळालेला तो समाज. त्या घरातला माणूस मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसला, हे आम्हा कुळामुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, काय वाटलं असेल ते आज शब्दांत सांगणं कठीण आहे.

डिसेंबर १९६३ ची पहिली निवडणूक त्यांनी स्वतः लढवलीच नव्हती. मगोला, म्हणजे भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, ३० पैकी १४ जागा मिळाल्या, प्रजा समाजवाद्यांच्या दोघांची साथ मिळाली, आणि आमदार नसलेले भाऊ मुख्यमंत्री झाले. नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. पैशासाठी राजकारणात येणारा माणूस स्वतःची जागा आधी पक्की करतो, असं मला वाटतं.

आता शाळेचं सांगते, कारण माझ्यापुरतं सगळं उत्तर तिथेच आहे. आधी शिकायचं तर पोर्तुगीज, प्रिमेर ग्राव या प्राथमिक परीक्षेपर्यंत पोचलेला माणूस गावात शोधावा लागे. मराठी शिकायची तर पदरचे पैसे घालून शेणवीमास्तर ठेवावे लागत. ते भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, परवडे. १९६४ मध्ये आमच्या वाड्यावर सरकारी मराठी शाळा आली. इमारत कुठली! देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेतली, एक खोली. मास्तर सावंतवाडीकडचे, एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकाच चटईवर बसवलं. माझ्या उजव्या हाताला भाटकाराची मुलगी. मी सवयीने सरकून चटईच्या बाहेर जमिनीवर बसले. मास्तरांनी काही न बोलता मला हाताला धरून परत चटईवर ओढलं आणि पाटीवर माझं नाव काढून दिलं. आमच्या घरात कागदावर उमटलेलं नाव तोवर फक्त सावकाराच्या वहीत होतं. पुढे मी स्वतः ३४ वर्षं मुलांना पाटीवर नाव काढून दिलं. तुझ्या आजीचा हार मला कळतो.

सांग्याहून:
बाईंचं सगळं मान्य. पण दुसरी बाजूही यायला हवी. आमचं शेत खाणीच्या खाली आहे. पावसाळ्यात तांबडी माती वाहून यायची आणि शेतात थर बसायचा, भात कुजायचं. भरपाईसाठी माझे काका एका खाण कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं चपला झिजवत होते, हाती काही लागलं नाही. ती कंपनी भाऊंची नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण मुख्यमंत्रीच खाणवाला असताना खाणींवर अंकुश कोण ठेवणार होता? पोर्तुगिजांनी दिलेली कन्सेशन्स, म्हणजे खाणींचे हक्क, मोडून त्यांचं लीजमध्ये रूपांतर करणारा कायदा थेट १९८७ मध्ये आला. कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्तीसुद्धा भाऊंच्या हयातीत झाली नाही. हे विचारायलाच हवं.

माडाखालची_बाई:
सांगेकर, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. खाणींबाबत मी भाऊंची बाजू मांडणार नाही, तो प्रश्न रास्तच आहे. कुळांचं मात्र थोडं सांगते. १९६४ च्या कायद्याने भाटकाराला कुळाला मनात येईल तेव्हा हाकलता येईना. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की वडील पहिल्यांदा माड लावताना दिसले. आधी लावून काय करणार, उद्या कुणाचे? मालकी मिळाली ती भाऊंची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ च्या दुरुस्तीने, आणि तीही कोर्टकचेऱ्यांत अडकत. मुंडकारांचा कायदा १९७५ चा, तोही ताईंचाच. मुलीने बापाचं राहिलेलं काम पुढे नेलं असं मी म्हणते. उशीर झाला हे खरंच.

आणि बाळा, तुझं कोडं. १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळ्या गोव्याला दोन पानं. फुलाला १,३८,१७०, पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. भाऊंनी कौल निःपक्ष व्हावा म्हणून आधीच राजीनामा दिला होता. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि मगोला १६ जागा. म्हणजे सिंहावर, मगोच्या निशाणीवर, शिक्का मारणाऱ्यांतलेच काही जण जानेवारीत पानांकडे गेले असणार. आमच्या ओसरीवर मी ऐकलेला हिशेब साधा होता: मुंबईत गेलो तर भाऊ मुख्यमंत्री राहणार नाहीत. शिवाय प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रातून आलेल्या साहेबांच्या वागण्याने बरेच जण दुखावले होते. विलीनीकरण व्हावं असं मला आजही वाटतं, मराठीसाठी वाटतं, पण त्या लोकांना मी चुकीचं म्हणणार नाही.

आमच्या वडिलांनी कशावर शिक्का मारला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मार्चमध्ये मात्र आम्हा पोरांना कोळसा देऊन गडग्यावर, दगडी कुंपणावर, सिंह काढायला लावला. माझा सिंह मांजरासारखा झाला होता. वडिलांनी स्वतः आयाळ काढून दिली.

डिचोलीचा_नातू:
बाई, खूप खूप आभार. सांगेकर, तुमचेही. आत्ताच आजीला फोन केला. तीही अग्रशाळेतच शिकली, दुसरीपर्यंत. मीरामारच्या भाऊंच्या समाधीवर १२ ऑगस्टला, त्यांच्या पुण्यतिथीला, मला घेऊन चल म्हणाली. जाणार आहे.