सराव पाठात मुलं बोलली, म्हणून गुण कापायचे?

छात्रशिक्षिका, सत्तरी (गोवा)
डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसरीचा परिसर अभ्यासाचा पाठ होता, विषय पाणी. मी विचारलं, घरात पाणी कोण भरतं? एक मुलगी म्हणाली, "आवय आनी हांव." म्हणजे आई आणि मी. मग तिनेच भावाकडे बोट दाखवून विचारलं, हा का नाही? वर्गात वाद पेटला, सगळा कोंकणीत. निरीक्षकांचा शेरा: 'वर्गनियंत्रण नाही, भाषा अशुद्ध.' मला एक शब्द बोलू दिला नाही. सकाळी लिंगसमभावावर आम्हाला टिपणं उतरवून घ्यायला लावली होती. ज्यांना स्वतःला प्रश्न विचारायची मुभा नाही, ते शिक्षक उद्या मुलांना ती कशी देणार?

निवृत्त मास्तर, डिचोली
बाई, मी तुमच्याशी सहमत नाही. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकट्याने सांभाळल्यात. एक वर्ग पेटला की उरलेल्या तिघांचा तास बुडतो. १९६३ नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा काढल्या. बहुजनांच्या पोरांपर्यंत समता पोचली ती वाचता-लिहिता आल्यामुळे. आणि मराठी माध्यमाच्या शाळेत त्या पोरीच्या कानावर प्रमाण मराठी पडणार ती तुमच्याच तोंडून. तुम्हीच सोडलीत तर तिने ऐकायची कुठे?

पालक, धारबांदोडा
मास्तर, 'अशुद्ध' हा शब्द मला लागला. आम्ही वेळीप, इथले आदिवासी. लहानपणी हाच शब्द ऐकून मी वर्गात बोलणं सोडलं होतं, वाचता येत असूनही. आज शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. तशा आहेतही. पण सभेत आमच्यापुढे वही सरकवतात, सही कुठे करायची ते दाखवतात. पालकाचं ऐकून घ्यायला नव्या शिक्षकांना कोण शिकवतं?

छात्रशिक्षिका
सर, चार इयत्तांचं तुमचं म्हणणं मला पटतं, गोंगाट आवरायला मी कमी पडले. पण ते शिकायलाच तर सराव पाठ असतो ना? निरीक्षकांनी कारण सांगितलं असतं, माझं ऐकलं असतं, तर कापलेल्या गुणांचंही काही वाटलं नसतं.

निवृत्त मास्तर
ऐकून घ्यायलाच हवं होतं. आमच्या वेळी आम्हालाही कुणी विचारलं नाही, आणि मीही पुढे नव्या शिक्षकांना विचारलं नाही. निरीक्षकांच्या 'अशुद्ध' या शेऱ्याची बाजू मात्र मी घेत नाही. शिस्तीचं सोडत नाही.
पुढच्या पाठाचं टाचण इथे टाका. प्रश्न तोच ठेवा. फळ्यावर आधी 'आवय' लिहा, शेजारी 'आई'. भांडण जोडीजोडीने पाटीवर लिहून घ्या, म्हणजे शेजारचा वर्गही चालेल.